माळावरच्या लांडग्यांचा आराखडा

आष्टी,
१४ डिसेंबर २०२४

ती. दाजींना अंगदचा नमस्कार.

अक्काचा गुडघा आता बरा असेल. मेंढरं कडा गावाच्या बाजूला आहेत असं कळलं. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहितो. अक्काकडून वाचून घ्या.

घाटनांदूरला आमच्या संस्थेचं आठ दिवसांचं शिबिर झालं. लांडगे वाचवायचं काम कसं आखायचं, ते शिकवलं. मला वाटलेलं, माळावर पाटी लावायची, गावात चार शब्द बोलायचे, झालं. पण शिकवणाऱ्या शाईस्ता मॅडमनी पहिल्याच दिवशी भलामोठा कागद पुढं टाकला. पाच वर्षांनी माळावर काय दिसायला हवं, ते वर लिहायचं. मी लिहिलं, "लांडगीण, पिल्लांसकट." खाली कारण लिहायचं, आज पिल्लं का जगत नाहीत. मी लिहिलं, "मेंढपाळ बिळात धूर करतात."

"कावून करतात?" मॅडम म्हणाल्या.

"लांडगं मेंढरं नेतं म्हणून."

"कुणाची नेली? इचारलं का कुणाला?"

विचारलं नव्हतं. सहा महिने या कामावर आहे, पण एकाही मेंढवाड्यावर जाऊन बसलो नाही. तुमच्याकडं यायला तर तोंडच नव्हतं.

मग आधीचं काम कुठं फसलं, ते प्रत्येकानं लिहायचं होतं. मी आपल्या माळाचं लिहिलं. दोन वर्षांपूर्वी एका मेंढपाळानं धूर केला, चार पिल्लं गुदमरली, त्याच्यावर केस झाली. तेव्हापासून मेंढपाळ आमच्याशी बोलत नाहीत.

मॅडमनी वाचलं. "बिळाला दोन तोंडं असत्यात. एकानं धूर केला, तर दुसरं तोंड कुणी बुजवलं?"

दाजी, मला खोटं बोलता आलं न्हाई. तो दगड मी लावला होता. चौथं पिल्लू माझ्या हातात अजून ऊन होतं, तेवढ्यात वनखात्याचे गार्ड आले. तुम्ही "पळ" म्हणालात, मी पळालो. तुम्ही माझं नाव घेतलं नाही, आणि मी तुम्हाला एकट्याला तारखा करू दिल्या. वर लांडगे वाचवायची नोकरी धरली. तुम्ही बोलणं टाकलं ते त्यासाठी. अक्काला मात्र मी सांगत आलो की दाजींचा स्वभावच लई तापट. अक्का, तूही हे वाचतेस, माहीत आहे मला.

काल वनखात्याच्या कार्यालयात जाऊन जबाब दिला. संस्थेनं मला तूर्त घरी बसायला सांगितलंय. कागद मात्र त्यांनी ठेवून घेतला. आता त्यात पहिलं काम आहे, प्रत्येक मेंढवाड्याला जाळीचं कुंपण. दुसरं, बिळं कुठं आहेत ते मेंढपाळांना विचारून मगच पुढं जायचं. तुमच्याइतका माळ कुणाला ठाऊक नाही, हे मी मॅडमना सांगितलंय. त्या येतील. माझा राग त्यांच्यावर काढू नका.

पुढच्या तारखेला मी कोर्टात सकाळीच येतो. बोलला नाहीत तरी शेजारी उभा राहीन.

आपल्या गुन्ह्यातला दुसरा,
अंगद