रिकाम्या आळ्याला पाणी

माझ्या बाळा,

काल सांगोल्याहून सोलापूरला परत आले आणि आज शिलाई मशीनवरचं झाकण न काढताच तुला लिहायला बसलेय. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. पडू दे! तू कुठं गेलंस हे मला इतके महिने कुणी धड सांगितलं नाही. काल कळलं. मग ते आधी तुलाच सांगायला नको का?

तुझी आई जन्माची संशयी, हे सांगून ठेवते. दूधवाल्याच्या तोंडावर दुधात बोट बुडवून बघणारी. तुझे बाबा म्हणायचे, "तू आरतीतपण खोट काढशील." काढीन की! पण त्या इस्पितळात मला जो संशय आला, तो उगाच नव्हता.

पाचवा महिना होता. कळ आली, रक्त दिसलं, रिक्षानं इस्पितळ गाठलं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई आधी छान बोलत होत्या. मग एकदम त्यांनी पडदा स्वतःकडं वळवला. "काय झालं मॅडम?" म्हटलं, तर म्हणाल्या, "मिस्टर आलेत ना? त्यांना बोलवा." पोट माझं, बाळ माझं, आणि सांगायचं मिस्टरांना! शेजारच्या खोलीत काहीतरी कुजबुज झाली. तुझे बाबा परत आले ते भिंतीकडं बघत. म्हणाले, "काय न्हाय. ॲडमिट व्हा म्हणत्यात." काय न्हाय म्हणे!

तू आधीच गेलं होतंस, हे मला नर्सच्या दुसरीशी चाललेल्या बोलण्यातून कळलं. अशी कळावी का आईला ही गोष्ट?

खाट दिली ती दोन बाळंतिणींच्या मधली. इकडं टॅहँ, तिकडं टॅहँ. एक मावशी फरशी पुसता पुसता म्हणाली, "पेढं कवा देताव?" तिचा तरी काय दोष? तिनं सगळ्याच खाटांवर तेच विचारलं होतं. मी तोंडावर पदर घेतला.

खोटं कशाला बोलू, उपचारात कसूर नव्हती. गोळ्या वेळेवर, सलाईन वेळेवर, रक्त थांबलं, मी वाचले. फक्त माझ्याशी कुणी बोललं नाही.

तू आलंस तेव्हा सिस्टरनं पाठ फिरवली आणि ट्रेवर कापड टाकलं. "मला बघू द्या," म्हटलं. "नका बघू ताई, मनाला लागतंय." मग म्हटलं, मुलगा का मुलगी तेवढं तरी सांगा. तर काय म्हणाली माहितंय? "ते हितं सांगत नसतेत. कायदा हाय. बाहेर बोर्ड बघितला न्हाय का?" अहो, तो कायदा पोटातल्या बाळाचा! माझं तर पोट रिकामं झालं होतं. इतकी वर्षं बायांना तेच सांगून तिच्या तोंडातून ते आपोआप बाहेर पडलं. मला तेव्हा भांडायचंही त्राण नव्हतं.

जरा वेळानं दुसरी एक मावशी दाराजवळच्या डब्यातली पिवळी पिशवी गाठ मारून घेऊन गेली. "त्यात काय आहे?" मी विचारलं. "कचरा हाय बाई, झोपा."

ती पिशवी माझ्या डोळ्यांपुढून आजवर हलली नाही, बाळा.

तुझे बाबा म्हणाले, "गावाकडं नेलं. आपल्या डाळिंबाच्या बागेत, मीठ घालून मातीआड केलं." आपल्यात लहानग्यांना अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. ऐकून मला जरा बरं वाटलं. पण माझं डोकं गप्प बसतंय होय? दुपारची ताटं उचलताना गेलेला माणूस चहाच्या वेळेला परत! सांगोला काय इथं शहरातल्या बाळीवेशीपलीकडं आहे? आणि चपलेला मातीचा कण नाही.

तुझ्या आजीला विचारलं. "आत्या, बाळाला कुठं ठेवलं?" ती म्हणाली, "हितंच, सोलापुरात. जागा इचारू नगं. आईनं जागा बगितली की पुना कूस धरत न्हाय." एक म्हणतो गावात, एक म्हणते शहरात. दोन तोंडं, दोन गोष्टी!

मग फाईलमधला तुझा सोनोग्राफीचा फोटो गायब झाला. मग तुझे बाबा घडीघडी एकटेच गावाला जायला लागले, ठिबक बघायचंय म्हणून. मला काय काय वाटायचं, विचारू नकोस. कधी वाटायचं, तू जिवंतच होतंस आणि यांनी तुला कुणाला देऊन टाकलं. वेडी झाले होते मी.

परवा मी हट्टानं त्यांच्याबरोबर गावाला गेले. काल सकाळी बागेत गेलो, तर एका ओळीत मधलंच एक झाड नव्हतं. भावजी, म्हणजे तुझे काका, म्हणाले, "तितं मर लागली हुती, वयनी." अस्सं? आजूबाजूची झाडं फळांनी वाकलेली आणि मर रोग एकाच झाडाला? वाकून बघितलं, तर त्या मोकळ्या आळ्यात ठिबकचं पाणी थेंब थेंब पडत होतं. सांगोल्यात, जिथं पाण्याच्या टँकरमागं घागरी घेऊन पळतात, तिथं रिकाम्या आळ्याला पाणी कोण देतं?

मी तिथंच मातीला हात लावून बसले. "इथंच ना हो?" म्हटलं. भावजी चालते झाले. तुझे बाबा उभ्या उभ्या रडायला लागले.

"तितं बाळ न्हाय गं," म्हणाले.

इस्पितळात त्यांना म्हणे कुणीतरी म्हणालं, "आम्ही बघतो सगळं, सही करा." यांनी केली. कशावर केली, विचारलं नाही. डॉक्टरांपुढं बोलायची आपल्या माणसांची कुठं छाती होते? मग भानावर येऊन बाळ मागायला गेले, तर पिवळ्या पिशव्यांची गाडी निघून गेलेली. माझ्यापुढं कुठल्या तोंडानं यायचं, म्हणून बागेचं खोटं रचलं. तुझ्या आजीलाही खरं सांगायचा धीर झाला नाही, तिला दुसरंच सांगितलं. आणि खोटं सोसवेना, तेव्हा तुझा तो फोटो नेऊन त्या आळ्यात पुरला. मीठ घालून. "बाळाचं एवढंच उरलं हुतं माझ्याकडं," म्हणाले.

त्यांच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, बाळा. खरंच वाटलं. आणि त्याच हातानं मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

निघताना ते म्हणाले, "आता ठिबकची नळी बंद करू का? तुला कळलंच की." मी म्हटलं, "हात लावाल तर खबरदार!"

तुला वचन देते. या आठवड्यात मी त्या इस्पितळात जाणार आहे. पिवळ्या पिशव्या कुठं जातात, माझं बाळ कुठल्या जागी गेलं, ते विचारणार आहे. मुलगा होतं का मुलगी, तेही. बाबा बरोबर येतील, पण "मिस्टरांना बोलवा" कुणी म्हणालं, तर मी खुर्चीवरून हलायची नाही. उत्तर मिळेल का, माहीत नाही. मिळालं तर तिथली मूठभर माती आणीन आणि त्या आळ्यात घालीन.

तोवर आळं ओलं ठेवायला सांगितलंय.

तुला एकदाही न बघितलेली,
तुझी संशयी आई