फिजिओबाईंनी घेतलेलं माप

२१ तारीख, बुधवार, दुपार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक आहेस हे तुझ्या वहिनीकडून कळतं. दर रविवारी फोनवर तुमचं जे काही चालतं, ते ती मला गाळून सांगते. आठ महिन्यांत तू माझ्याशी बोलला नाहीस, मीही बोललो नाही. तेव्हा पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. दचकू नकोस, बातमी झकास आहे. सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वहिनी म्हणाली, तुझ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितलीय आणि तू महिनाभर चालढकल करतोयस. 'तिथे पाय पिरगाळतात' म्हणालास म्हणे. अरे, मी परवा सोमवारी तुझ्या वहिनीला बरोबर घेऊन जाऊन आलो! होय, मी. उजव्या खांद्यासाठी. जरासा आखडलाय. म्हणून म्हटलं, आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत काय काय होतं ते तुला क्रमवार कळवावं. कुणी नीट सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

जागा म्हणजे दवाखाना कमी आणि वर्कशॉप जास्त. भिंतीला लाकडी शिडी, हुकांना रंगीत रबरी पट्टे, प्रत्येक रंगाचा ताण वेगळा. पिवळा सर्वांत मऊ, काळा सर्वांत कडक. सगळं जिथल्या तिथे. मला बघताक्षणी बरं वाटलं. फिजिओबाई तिशीच्या आत-बाहेर. मला 'काका' म्हणाल्या. मी म्हटलं, "मी टर्नर आहे. पंचवीस वर्षं स्वतःची लेथ चालवतो. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही." त्या म्हणाल्या, "बरं झालं, म्हणजे तुम्हाला समजावून सांगायला सोपं जाईल, काका."

शेजारच्या पलंगावर एक आजी गुडघ्याखाली उशी दाबत पडल्या होत्या. मला म्हणाल्या, "पहिल्यांदा का? ओरडायचं असेल तर पडदा ओढून घ्या. मी नाही ऐकणार." सगळं ऐकत होत्या.

तर, आधी नुसते प्रश्न. अर्धा तास. मला वाटलं होतं गेल्या गेल्या करंट लावतील. तसं काही नाही. कुठे दुखतं, बोट ठेवून दाखवा. कधी दुखतं. त्या कुशीवर झोपता येतं का. मागच्या खिशातलं पाकीट काढता येतं का. शुगर आहे का. आधीचे रिपोर्ट असतील तर ने, गोळ्यांची नावं लिहून ने. आणि सर्वांत आवडलेला प्रश्न म्हणजे, "या हातानं तुम्हाला नेमकं काय करायचंय?" मी म्हटलं, काम. त्या म्हणाल्या, "बारीक सांगा." बारक्या, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं! मी सांगितलं: लेथचा जड चक, म्हणजे जॉब धरणारा जबडा, उचलून बसवायचाय, ड्रिलिंग मशीनचा वरचा दांडा ओढायचाय, वरच्या फळीवरून मायक्रोमीटरची पेटी काढायचीय. त्यांनी तिन्ही ओळी लिहून घेतल्या.

मग म्हणाल्या, "हात पहिल्यांदा अडकला तो दिवस आठवतो?"

मी म्हटलं, "नाही."

तुझी वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी पंख्याकडे बघितलं.

पुढचं सांगतो. कपडे सैल घाल. तुला अर्धी चड्डी लागेल. मला शर्ट काढायला लावला. इथे एक गोष्ट आहे, ती मी तुला कळवणार नव्हतो. शर्ट वहिनीनं काढला. गेले पाच महिने तीच घालते आणि तीच काढते. बाईंसमोर मी म्हटलं, "राहू द्या, माझा मी काढतो." वहिनी म्हणाली, "अहो, काढा ना. आम्ही सगळ्या आहोतच बघायला." आजी खोकल्यासारखं हसल्या.

आधी चांगला हात तपासतात, मग दुखरा. का, ते कळलं की तू खूश होशील: आपलीच चांगली बाजू म्हणजे आपला नमुना. नमुना आधी मोजायचा आणि मग बिघडलेला पार्ट! मग त्यांनी खिशातून एक पारदर्शक कोनमापक काढलं, दोन लांब पट्ट्यांचं, मधे खिळा. मी पार उठून बसलो. म्हटलं, एक एक अंशाच्या खुणा आहेत का? हो म्हणाल्या. हातात घेऊन बघू दिलं.

आता माझं. मीही मोकळ्या हातानं गेलो नव्हतो. सहा महिन्यांपासून घरी माझी पद्धत चालू होती. भिंतीला प्लायवूडचा फळा ठोकला, त्यावर अंश आखले, रोज सकाळी सात वाजता शेजारी उभं राहून हात उचलायचा आणि वहीत आकडा लिहायचा. दाराच्या चौकटीला बेअरिंगची पुली बसवून दोरीनं हात वर ओढायचो, दात-ओठ खाऊन. आकडे बघ: पंच्याऐंशी, ब्याण्णव, एकशे चार. गेल्या शनिवारी एकशे अठरा. वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानन् पान बघितलं. हसल्या नाहीत.

मला पाठ ताठ ठेवून स्टुलावर बसवलं, मागे उभ्या राहिल्या, एक हात पाठीच्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, दाबून धरला आणि म्हणाल्या, "आता उचला."

अठ्ठ्याहत्तर.

"परत मोजा," मी म्हटलं. परत मोजलं. अठ्ठ्याहत्तर. मग त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, फरा सोडला आणि म्हटलं, घरी उचलता तसा उचला. बारक्या, मी डोळ्यांनी पाहिलं. हात जात होता जेमतेम खांद्यापर्यंत, पुढचं सगळं मी कमरेतून डावीकडे वाकून काढत होतो. मी वाकतोय हे मला कळतही नव्हतं! सहा महिने रोज जरा जास्त वाकलो आणि वहीत लिहिलं, सुधारणा. जॉब चकमध्ये ढिला ठेवून माप घेतलं मी. मी! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला गेटाबाहेर काढलं असतं.

हे वाक्य लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं होतं. आता चहा पिऊन परत बसलोय.

बाई म्हणाल्या, "पुली उत्तम बसवलीय काका, ओढणारा फाजील आहे." खांदा इतका ओढल्यानं जास्तच चिडलाय. मग गरम शेक दिला, मग त्यांनी स्वतः हात धरून हळूहळू फिरवला. दुखलं. पण 'दहापैकी किती' असं सारखं विचारतात, आणि पाचच्या वर म्हटलं की थांबतात. पिरगाळत नाहीत रे. घरी करायला तीनच व्यायाम दिले: पुढे वाकून हात लोंबता ठेवून गोल फिरवणं, भिंतीवर बोटांनी चढणं, काठी धरून बाहेरच्या बाजूला ढकलणं. दिवसातून चार वेळा. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहिलं तर जास्त झालं समजायचं. एका भेटीत काही होत नाही, सहा महिने लागतील, वर्षही लागेल. पण हात परत येईल म्हणाल्या. बहुतेकांचा येतो! हे ऐकल्यापासून मी पलंगावर टेकलेला नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "हात अडकला ती तारीख आठवली तर सांगा. किती पुढे गेलंय याचा अंदाज त्यावरून येतो."

मला तारीख आठवत नाही, यावर तुझा विश्वास बसेल का? मी बुटात पाय घालता घालता सांगितली. तारीख, वार, सकाळचे सव्वाअकरा. आणि सांगायला लागलो तो थांबेचना. आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवर छापखान्याच्या लोखंडी रुळाचा शेवटचा हात, शेवटची तासणी, चालू होती. छापखान्याचे मालक शेजारी उभे. दोन महिने खांदा दुखत होता, हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. तू पाहिलं होतंस. सकाळी म्हणाला होतास, "दादा, तू वाकून चालवतोयस, शेवटचा हात मी मारू का?" मी म्हटलं, आपलं काम बघ. सव्वाअकराला तासायचं टूल मागे घ्यायला गेलो, खांद्यात कळ आली, हात भलतीकडे फिरला आणि टूल रुळात घुसलं. मालकांसमोर मी काय बोललो ते तुला पाठ असेल. "टूल यानं आवळलं होतं. ढिलं ठेवलं." तू माझ्याकडे बघितलंस, हात पुसलेस आणि गेलास.

टूल ढिलं नव्हतं. मी त्याच दुपारी पाना लावून बघितलं होतं.

वहिनीनं माझ्या बुटाची नाडी बांधली. तिथून मी सरळ छापखान्यात गेलो. ज्यांच्यासमोर खोटं बोललो त्यांनाच आधी सांगायचं होतं. मालक प्रुफं वाचत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला माहीत आहे."

"कसं?"

"टूल हललं असतं तर चर खडबडीत पडला असता. तुमचा चर आरशासारखा होता. तीस वर्षं रूळ बघतोय मी. इतक्या सफाईनं रूळ बिघडवणारा हात तुमच्याकडे एकच."

म्हणजे त्यांना माहीत, वहिनीला माहीत, तुला तर माहीतच. फक्त माझ्याच वहीत ते नव्हतं.

बारक्या, वर्कशॉपमध्ये परत ये असं मी लिहीत नाहीये. तिकडे तुझं बस्तान बसलंय आणि ये म्हणायला तोंड उरलेलं नाही. मागणं वेगळं आहे. भिंतीवर बोटं चढवताना कुणीतरी मागे उभं राहून फरा दाबून धरायला हवा, नाहीतर मी परत वाकतो. वहिनी धरते, पण मी कण्हलो की तिचा हात सैल पडतो. मला न कळवळणारा माणूस हवाय. एखाद्या रविवारी गुडघा दाखवायला म्हणून इकडेच ये, त्या बाई दोघांनाही बघतील. मागे उभा राहा. मी वाकलो की सांग.

या वेळी मी ऐकेन.

हे पत्र उजव्या हातानं, मधे तीनदा थांबून, स्वतः लिहिलंय.

तुझा अपराधी,
दादा