मुख्य प्रवासी आणि हे

आदरणीय दादा,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मी बरा आहे. (विचारपूस झाली. आता रागाचं लिहितो.) तुमची बहीण असती तर हे पत्र तिनं पोस्टाच्या पेटीत पडू दिलं नसतं, पण ती जाऊन आठ महिने झाले आणि मला आवरणारं कोणी उरलेलं नाही.

तुम्ही माझ्या मुलीला फोन करून सांगितलंत की तुझ्या बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांना आफ्रिकेत एकटं सोडू नकोस. माझं डोकं ठिकाणावर आहे. ही सहल मी ठरवलेलीच नाही. ती तुमच्या बहिणीनं गेल्या वर्षी ठरवली, तीही मला न विचारता, कारण तिला जिराफ पाणी पिताना बघायचा होता. (एवढं उंच जनावर पुढचे पाय फाकवून वाकतं तेव्हा तुम्ही पलंगाखाली चप्पल शोधता तसंच दिसतं, असं ती मला म्हणायची.) तिचं ठरलेलं पार पाडायला मी निघालोय. त्यावर तुम्ही मला काय ऐकवलंत? "तिकडे वाघ नसतात म्हणे, मग जाता कशाला?" दादा, वाघ नसतात हे मला ठाऊक आहे. मला वाघ नकोच आहेत.

तुमच्यावरचा राग इथे थांबवतो, कारण सहल कंपनीवरचा जास्त आहे. आधी त्यांचं सूचनापत्रक आलं. निळे कपडे आणू नका, तिकडच्या चावऱ्या माश्या निळ्या रंगावर येतात. माझे सगळे शर्ट निळे आहेत, कारण तुमच्या बहिणीला माझ्या अंगावर दुसरा रंग चालत नसे. म्हणून खाकी शिवून घेतले. ते घालून खाली उतरलो तर शेजारचे डॉक्टर विचारतात, "कुठल्या बँकेत लागलात?" मी बोललो नाही. (मी बोलत नाही याचाच सगळे फायदा घेतात.)

मग बॅग. तिकडच्या छोट्या विमानात पंधरा किलोच्या वर सामान चालत नाही. घरी माझी बॅग पंधराला शंभर ग्रॅम कमी भरली होती, पण कंपनीच्या लटकत्या काट्यावर सव्वापंधरा. ज्या माणसानं छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासले, त्याला हे सांगायचं? मी घरी गेलो, माझं जुनं प्रमाणित पाच किलोचं वजन घेऊन परत आलो आणि काट्याला लटकवलं. साडेतीनशे ग्रॅमचा फरक! मालक म्हणतो, "काका, तुम्हाला सफारीला जायचंय की आमच्यावर धाड घालायचीय?" मी त्याच्याकडून काट्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवून घेतली, तेव्हाच उठलो.

एवढ्यावर भागलं असतं. पण काल तिकिटं आली. मुख्य प्रवासी म्हणून तुमच्या बहिणीचं नाव, संपूर्ण, अचूक. खाली सहप्रवासी. नाव: हे. आडनाव: आमचंच. मी चष्मा पुसून परत वाचलं. कंपनीतल्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "बाईंनी फोनवर सांगितलं तेच लिहिलंय, काका. मी विचारलं सोबत कोण, त्या म्हणाल्या हे. मी विचारलं आडनाव, त्या म्हणाल्या आमचंच." बॅगेला बांधायच्या चिठ्ठ्यांवरही तेच छापलंय. श्री. हे आमचंच. पासपोर्टवर माझं नाव वेगळं आहे, तेव्हा मला विमानतळावरूनच परत पाठवतील, हे तिच्या गावीही नव्हतं.

नाव दुरुस्त करतो म्हणाले. पण त्यातून त्यांचा खरा घोळ निघाला. मालक म्हणाला, मुख्य प्रवासी आता नाहीत आणि सहप्रवासी एकटा जाऊ शकत नाही. शुक्रवारपर्यंत एक तर बाईंचं नाव काढून तुम्हाला मुख्य करू, नाही तर त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाचं तरी नाव द्या. मी म्हणालो, मला मुख्य करायचं नाही. तो म्हणाला, अहो, फक्त कागदावर. मग मी ओरडलो, दादा. आयुष्यात पहिल्यांदा. तिथली चार गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली. बेचाळीस वर्षं त्या घरात मुख्य ती होती आणि मी हे होतो, आणि हा कालचा माणूस पेनाच्या एका रेघेत ते बदलणार! तिथल्या मुलीनं घाबरून नव्या चिठ्ठ्या छापून दिल्या. जुन्या परत मागितल्या, त्या मी दिल्या नाहीत.

तेव्हा शेवटचं सांगतो. मला कोणाची सोबत नको, दया नको आणि फोन तर नकोच. तिच्या जागेवर कोणी परकं बसलेलं मला चालणार नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा
(दुरुस्ती होईपर्यंत) हे

ता. क. सफारीत गाडीतून खाली उतरूच देत नाहीत, दिवसभर बसून राहायचं असतं. गुडघ्याचा काही संबंध येत नाही.

ता. क. २. तुमचा पासपोर्ट अजून चार वर्षं चालतो, हे मी वहिनींकडून काढून घेतलंय. त्यांची हरकत नाही. (त्या इतक्या पटकन हो म्हणाल्या की मलाच तुमची काळजी वाटली.) तिच्या जागेवर परकं कोणी नको, असं वर लिहिलंय. तुम्ही परके नाही.

ता. क. ३. माझ्या मुलीसमोर मात्र हट्ट तुम्हीच धरा. मी दोनदा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा विचारा, पण गुरुवारच्या आत.