तिसरी मांडणी

मी, पंचफुला नत्थूजी कोरडे, वय ५८, धंदा संत्रा मंडीत पेट्या ठोकणे, राहणार पांढुर्णा, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एक होता, तो अकरा वर्षांपूर्वी मीच संपवला. त्याचा तपशील कलम तीनमध्ये येईल. आमचे राज्य हिंदी, म्हणून इकडे कचेरीतले कागद हिंदीत होतात. पण मी मार खाल्ला तो मराठीत, म्हणून लिहिणार मराठीतच.

कलम १. दोन खोल्या, न्हाणी आणि मागची मोकळी जागा माझ्या नावे असून माझ्या मजुरीतून घेतलेली आहे. हे सर्व माझ्यामागे माझी सून पूनम हिला एकटीला मिळावे. मुलगा वैभव याचा त्यात हिस्सा नाही. तो तिथे राहील तर पूनमच्या मर्जीने राहील, आणि तिने ऊठ म्हटले की उठेल.

कलम २. पुढच्या खोलीच्या भिंतीवर पाच खणांची लाकडी मांडणी आहे, तीही पूनमची. तशी दुसरी करावी वाटली तर कृती लिहून ठेवते. मंडीत फुटक्या पेट्या सरपणाच्या भावात मिळतात. फळ्या सुट्या कराव्यात. खिळे फेकू नयेत, दगडावर ठेवून सरळ करावेत. फळ्या पॉलिश पेपरने घासून चहाच्या कडक पाण्याने रंगवाव्यात आणि वाळल्या की जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत. वरची नक्षी मी बांगडी ठेवून आखली आणि आरीच्या पात्याने कापली. सगळा खर्च चपलेच्या एका साध्या जोडाएवढा आला.

ही मांडणी तिसरी आहे. पहिली नत्थूजींनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, चुलीत घातली आणि तिच्यावर तापलेल्या पाण्याने आंघोळ केली. कारण विचाराल तर भाजीत मीठ जास्त पडले होते. मला त्या घरात आरसा, फणी आणि माझ्या आईचा फोटो ठेवायला वीतभर जागा हवी होती, एवढेच. तेव्हा मी गप्प बसले याचा मला आजही राग येतो.

कलम ३. सन २०१४, पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे गोटमारीचा. परक्या माणसाने हा कागद वाचला तर कळावे म्हणून लिहिते: त्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाच्या झाडाला झेंडा, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. कोणाचे डोके फुटले तर त्या दिवशी कोणी फार चौकशी करत नाही.

मी दुसरी मांडणी भिंतीला ठोकत होते. नत्थूजींनी गोट्यांनी भरलेली गोणी तिथेच ठेवली होती, ती मी मागे सरकवली. ते दुपारी पिऊन आले. "माहे गोटे हटवून फळ्या ठोकून राहिली का?" असे म्हणून त्यांनी मांडणी उपटली आणि माझ्या तोंडावर हाणली. दोन दात जागीच पडले. मी खाली पडले तर पोटात लाथ घातली. मग खिळे बाहेर आलेली एक फळी उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर उगारली.

हातोडी माझ्या हातात होतीच. वीस वर्षे मी पेटीचा खिळा दोन ठोक्यांत बसवत होते. पहिला ठोका मनगटावर मारला, हाड मोडल्याचे ऐकू आले. दुसरा कपाळावर मारला. रक्त भिंतीवर, कॅलेंडरवर आणि माझ्या तोंडात उडाले. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा ते "नको, पंचफुला" म्हणाले. लग्नानंतर त्यांनी माझे नाव पहिल्यांदाच घेतले होते. मी थांबले ते दयेने नाही, फळी त्यांच्या हातातून पडली होती म्हणून.

डोक्याला टॉवेल बांधून मीच त्यांना नदीवरच्या मलमपट्टीच्या मंडपात नेले. तिथे जखमींची रांग होती. पट्टी बांधणाऱ्याने विचारले, "गोटा कोठून लागला?" मी तोंड उघडायच्या आत नत्थूजी बोलले, "सावरगावकडून आला, साहेब." चौदा टाके पडले. माझ्या दातांचे कोणी विचारले नाही.

पुढे गोटमारीच्या मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ दिले आणि मीही टाळ्या वाजवल्या. मरेपर्यंत, म्हणजे नऊ वर्षे, ते टपरीवर कपाळ दाखवून त्या गोट्याची गोष्ट सांगत राहिले, आणि गोटा दरवर्षी मोठा होत गेला. पण माझ्यावर पुन्हा हात उचलला नाही. तिसरी मांडणी ठोकताना डाव्या हाताने फळी धरून उभे राहिले.

कलम ४. ती शाल लोधीखेड्याच्या माझ्या नणंद चंद्रकलाबाई यांना द्यावी. माझ्या भावाने गावासाठी रक्त सांडले, असे त्या दरवर्षी मला ऐकवतात. शालीसोबत कलम तीनची झेरॉक्स द्यावी.

कलम ५. शेवटच्या दुखण्यात नत्थूजींनी माझा हात धरून सांगितले, "पोराले सांगू नको." मी "पाहू" म्हटले. सांगितले नसतेही. पण यंदा पोळ्याला वैभवने पूनमच्या कानशिलात अशी मारली की कानाचा पडदा फाटला. ती भिंतीवर आपटली तरी हा ओरडतच होता, "नत्थूजीचा पोरगा हावो मी! सावरगावले नाही भेलो, तुले भेतो का?" डॉक्टरसमोर पूनम म्हणाली, न्हाणीत पडले. मी टाळ्या वाजवल्या त्याचेच हे फळ आहे. मला या पोराची लाज वाटते आणि जीवही तुटतो. बँकेत आहे ती रक्कम माझ्या मरणाची वाट न पाहता पूनमच्या कानाच्या ऑपरेशनला लावावी.

कलम ६. शेजारचे मोतीरामजी म्हणाले, ज्याला काही मिळत नाही त्याने साक्षीला बसावे. त्या हिशेबाने वैभवसारखा साक्षीदार नाही. म्हणून इथवरचा कागद मी त्याला पूनमसमोर मोठ्याने वाचायला लावला. कलम तीनशी तो अडला.

"माय, हे खोटं हाये."

"गोटा कपायाले लागला म्हणत होते ना तुहे बाबा? मंग मनगट कायनं मोडलं?"

त्याने कलम तीन पुन्हा वाचले. मग म्हणाला, "त्याईनं मले काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटे त्याईले. तुले वाटते का नाही, ते पाहून राहिली मी."

पूनम दाराला टेकून उभी होती. मी वैभवला अट घातली: सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात काय लिहायचे ते त्याने ठरवावे, मी सांगणार नाही. खोटे लिहिले किंवा कागद तसाच ठेवला तर आज संध्याकाळच्या आत घर सोडावे. यापुढच्या सह्या त्याने पेन मागून घेतल्यावर झालेल्या आहेत.

पांढुर्णा, दि. २३ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: पंचफुला नत्थूजी कोरडे (सही)

साक्षीदार पहिला: मोतीराम गणपत वानखडे. बाईंनी माझ्यादेखत सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: मायनं माझ्यासमोर सही केली. पूनम न्हाणीत पडली नव्हती, मी मारलं. त्याच्या आधीही चार वेळा मारलं, ते माय तुले माहीत नाही.
वैभव नत्थूजी कोरडे (सही)