बिनतारी हरताळ

रनाळे, पौष, सन १९३८

प्रिय भटू,

इटारसीची थंडी सोसतेय ना? तुझं पत्र नाही की खुशाली नाही, म्हणून शेवटी मीच दौत उघडली.

आपल्या बिनतारी संचांवर सरकार दरसाल फी लावणार, ही बातमी मला हवेतून तूच दिलीस. वर हरताळही तूच पुकारलास: सरकार फीचा विचार सोडेपर्यंत कुणी संदेश ठोकायच्या कळीला बोट लावायचं नाही. आपण हौशी माणसं ती किती, एका बैलगाडीत मावतील एवढी! तरी प्रत्येकाला कानबाईची आण घातलीस, मलाही. आणि मी मनापासून घेतली. अरे, हाटाला पट्टी, गुरांना पट्टी, आता हवेलाही? ऐपतीचं म्हणशील तर यंदा कापूस बरा आहे. पण आज फी, उद्या झडती, परवा संचच उचलून नेतील. धुळ्याला जाऊन अर्ज दिला. तिथल्या साहेबाने विचारलं, शेतकऱ्याला हे यंत्र कशाला लागतं? बोलायला, म्हणालो. तो हसला.

त्याला काय डोंबल कळणार! स्टेशनच्या तारघरात आपण शेजारी बसून कडकट्ट करत म्हातारे झालो. कळीवरचा तुझा हात मी हजारांत ओळखतो. शेवटची टिंबं तू कायम घाईत उरकतोस, पंगत चुकेल की काय अशी. नोकरी संपली, तू मुलाकडे इटारसीला गेलास, मी शेतावर आलो. आणि मग आमची कारभारीण, जसोदा, गेली.

गावात माणसांना तोटा नाही. संच बंद आहे हे कळल्यापासून शेजारच्या धनुबाई माझ्या छतावरच्या तांब्याच्या तारेवर खुशाल गोधड्या वाळत घालतात. पारावर गेलो तर रामराम होतो, कापसाचा भाव निघतो. पण जसोदा गेल्यापासून रोज दुपारी तू जे एवढंसं अहिराणीत विचारायचास, ते इथे कुणी विचारत नाही. हरताळ लागला आणि माझी चूलही थंडावली. शेंगदाणे-गूळ खातो आणि आडवा होतो. फार एकटं वाटतं रे.

आण कळीची होती, कानांची नव्हे. म्हणून रोज दुपारी ऐकायची पेटी लावून बसायचो. ऐकू काय येणार, नुसती खरखर. परवा मात्र आपल्या नेहमीच्या लहरीवर कुणीतरी ठोकलं. ठोकणाऱ्याचं नाव नाही, ठिकाण नाही. फक्त एवढंच: जेवना का, नवल? शेवटची टिंबं घाईत. परत एकदा तेच. मग बंद.

लबाडा! आण घालणारा तू आणि मोडणाराही तूच! मी कळीपर्यंत हात नेला आणि कानबाईला भिऊन मागे घेतला. तिकडे तू वाट बघत बसला असशील, या विचाराने मला रडू आलं.

हे पत्र म्हणजे त्याचंच उत्तर. नाही जेवलो, भटू. फीविरुद्ध कागदावर मरेपर्यंत भांडू, त्यात मी तसूभर मागे हटणार नाही. पण या हरताळाने सरकारचं काही बिघडलं नाही, उपाशी आपणच राहिलो. कानबाईपुढे नारळ फोडून माफी मागून आलोय, तुझ्याही वतीने. येत्या रविवारी दुपारी संचाजवळ बस. धनुबाईंच्या गोधड्या मी सकाळीच उतरवीन. चूल पेटवीन, भाकरी टाकीन, वांग्याचं भरीत करीन आणि पोटभर जेवूनच कळीपाशी बसेन. तू फक्त विचार.

उत्तर तयार ठेवून बसलेला,
तुझाच
नवल