पाइपातले तीन ठोके

नाशिकरोड, मंगळवार, १४ फेब्रुवारी १९७८. संध्याकाळ.

नळ मीच बदलते म्हटलं, हीच चूक. हे सिन्नरला ड्यूटीवर, आणि प्लंबर दोन दिवस येतो येतो म्हणतोय. पान्याने जरा जोर लावला तर गंजलेला पाइप भिंतीतच मोडला. न्हाणीघरभर पाणी झालं. मधला कॉक बंद केला, तेव्हा कुठे थांबलं.

मग पाइपातून तीन ठोके ऐकू आले. मी पान्याने तीनदा ठोकलं. पुन्हा तीन.

वर साळवेकाका एकटेच राहतात. वर जाऊन हाका मारल्या, पण दार आतून बंद. शेजारच्या शिंदेभाऊंनी कडी तोडली. काका न्हाणीत पडलेले, सकाळपासून. शुद्ध होती.

"बरं झालं तुम्ही पाइप वाजवलात," मी म्हणाले.

ते अडखळत बोलले, "मी कुठे वाजवला, पोरी? मला हातच उचलवत नाही. मला वाटलं, तूच वाजवतेस."

दवाखान्यात नेलंय. वाचतील म्हणतात. पण ते पहिले तीन ठोके? मी तर तोवर एकदाही ठोकलं नव्हतं, आणि नंतरचे तीनही माझे नव्हते. यांना सांगावं का? हसतील.

न्हाणीघराला मी बाहेरून कडी घातली आहे.