चार्जिंग पाहायची राहिली

बाबा, आज दुपारी एक नर्सबाई गाडी घेऊन दुकानात आल्या. आष्टीकडच्या एका उपकेंद्रात असतात त्या. दोन महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या, तरी गाडी सकाळी सेल्फ उचलत नव्हती, म्हणून तिसरी बसवून द्या म्हणाल्या. मी आधी मीटर लावला. बॅटरी उतरलेली होतीच. गाडी कशीबशी सुरू केली आणि पुन्हा पाहिलं. काटा चौदा व्होल्टच्या आसपास जायला हवा होता, पण तो बाराच्या वर सरकेना. हेडलाइट लावले तसा आणखी खाली आला. म्हणजे बॅटरी बिचारी चांगली होती, तिला चार्ज करणारा डायनामोच काम करत नव्हता. खोलून पाहिलं तर आतले कार्बनचे ब्रश झिजून गेले होते. बाकावर जीपवाले भाऊ चहा पीत बसले होते. जीप त्यांनी केव्हाच विकली, पण अजून येऊन बसतात. ते नर्सबाईंना म्हणाले, "इच्या बाबानं जिंदगीभर हेच पाह्यलं, अन् शेवटी माह्या गाडीत हेच पाह्याचं राह्यलं त्याइचं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी नट आवळत होते, मान वर केली नाही.

तुम्ही मला हे काम शिकवलंत तेव्हा गोंडपिपरीत एकाही दुकानात बाई पाना धरत नव्हती. एकदा मी एका मास्तरांच्या गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल घासून दिलं, गाडी सुरू झाली, ते निघून गेले. तुम्ही जेवून आलात आणि विचारलंत, चार्जिंग पाहिली का. मी म्हटलं, सुरू तर झाली. तुम्ही सायकल काढली, पेट्रोलपंपापर्यंत गेलात आणि मास्तरांना गाडीसकट परत घेऊन आलात. माझ्या हातात मीटर दिलात. चार्जिंग बरोबर होती. मास्तर वैतागले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ते गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "बाई, गाडी सुरू होणं म्हणजे दुरुस्त होणं नाई. ते कुठी जाऊन बंद पडन, हे आपल्याले माहीत नसते." तेव्हापासून तुमच्यासमोर मी कधी चुकले नाही. तुम्ही समोर नव्हता, त्या एका दिवशी चुकले.

तुम्हाला ताप होता म्हणून तुम्ही घरी होतात. जीपवाले भाऊ आले, मला पाहिलं आणि विचारलं, बाबा नाहीत का, मग उद्या येतो. मला ते लागलं. मी म्हटलं, द्या इकडे, अर्ध्या तासात देते. जुनी बॅटरी कामातून गेलेली होती, ते खरंच होतं. नवी लावली. पहिल्याच किल्लीला जीप अशी सुरू झाली की भाऊ हसले आणि म्हणाले, बाबाची पोरगी शोभतेस. त्या शब्दानंतर बोनेट पुन्हा उघडून मीटर लावावा असं मला वाटलंच नाही. मीटर हाताच्या अंतरावर खिळ्याला टांगलेला होता. संध्याकाळी तुम्ही खाटेवरून विचारलंत, "चार्जिंग पाह्यली का?" मी हो म्हटलं. तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिलात आणि कूस बदललीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या छातीत कळ आली. भाऊंनी तीच जीप दारात आणली. पाऊस लागला होता, आभाळ इतकं भरून आलेलं की लाइट आणि वायपर लावूनच चंद्रपूरला निघालो. कोठारीच्या अलीकडे जंगलात एक ट्रक आडवा झाला होता, पुढे गाड्यांची रांग. भाऊंनी इंजिन बंद केलं, लाइट तसेच राहिले. रांग हलली तेव्हा त्यांनी किल्ली फिरवली, तर नुसती टकटक. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. तुमचं डोकं माझ्या मांडीवर आहे. तुम्ही डोळे उघडता. त्या आवाजावरून तुम्हाला सगळं कळलेलं आहे, आणि तुम्हाला कळलंय हे मला कळलेलं आहे. भाऊ मागे वळून म्हणतात, नवी बॅटरी आहे, परवाच लावली हिनं. तुम्ही श्वास गोळा करता. "पोरीले काई म्हणू नको. चार्जिंग राहू दे, गाडी देऊन टाक, असा निरोप मीच धाडला होता." मग मला सांगता, "दुसऱ्या गेअरवर घ्याले सांग. धक्का मारा."

मागच्या ट्रकमधली माणसं उतरली. मी तुमचं डोकं गाठोड्यावर टेकवलं आणि मीही उतरले. चिखलात पाय सरकत होते. तीन वेळा ढकलल्यावर जीप सुरू झाली. मी धावत येऊन बसले तेव्हा तुमचा हात थंड होता, पण श्वास चालू होता. तो बल्लारपूर यायच्या आधी थांबला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, वाटेत फार वेळ गेला का. भाऊंनी हो म्हटलं.

तुमचे ते शब्द भाऊंनी गावभर सांगितले. त्यांचंही बरोबर, तुमच्या तोंडून ऐकलं होतं. लोक म्हणाले, शेवटी शेवटी म्हाताऱ्याचं ध्यान राहिलं नव्हतं. माझ्याबद्दल कोणी काही बोललं नाही, गाड्या येत राहिल्या. आता मूलहून, पोंभुर्ण्याहून लोक येतात आणि म्हणतात, बाईच्या हातची गाडी वाटेत बंद पडत नाही. मी प्रत्येक गाडीची चार्जिंग दोनदा पाहते. लोकांना ती माझी शिस्त वाटते.

आईनं मात्र तुम्हाला माफ केलं नाही. तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या बायकांना ती सांगत होती, "दुसऱ्याइच्या गाड्या परत बोलवून पाह्यल्या यायनं, अन् आपल्याच जीवाले राहू दे म्हटलं." अजूनही तुमच्या फोटोला फूल वाहताना ती क्षणभर थांबते, आणि मग फूल ठेवते. ते थांबणं मी इतकी वर्षं पाहते आहे. तो निरोप तुम्ही धाडलाच नव्हता, हे सांगायला किती वेळा तिच्यासमोर बसले, तोंड उघडलं, आणि भाजी काय करायची ते विचारलं.

दुकान बंद करायची वेळ झाली आहे. हे पत्र इथेच टूलबॉक्सच्या तळाशी ठेवते. घरी नेणार नाही, बाबा. आईला वाचता येतं.